मुराळ्याच्या गाडीतला दिवा

सकाळी सव्वानऊ वाजता धुळ्यात पाचव्या गल्लीत, माझ्या फियाट गाडीत पुढच्या सीटसमोर पाय ठेवण्याच्या जागेत लावलेल्या दिव्याला हळदकुंकू वाहण्यात आलं. त्या वेळी गाडीत कोणी बसलेलं नव्हतं. चालक, म्हणजे मी, समोरच्या ओट्यावर बशीतून चहा पीत होतो. दिवा चालू होता.

घटना एवढीच आहे. आमच्या दैनिकात ती कोणी लिहून दिली असती तर मी, उपसंपादक या नात्याने, दोन ओळींत बसवली असती, किंवा जागा नाही म्हणून वगळली असती. परंतु त्या दोन ओळींवर माझ्या बहिणीची आखाजी अवलंबून होती, म्हणून थोडी जास्त जागा घेतो.

अक्षय तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. त्या सणाला सासरी गेलेली मुलगी माहेरी आलीच पाहिजे. झोका बांधलेला असतो, मैत्रिणी जमतात, गाणी होतात, आणि वर्षभर सासूबद्दल जे बोलता आलं नाही ते गाण्यांतून बोलून घेतात. मुलीला आणायला माहेरचं जे माणूस जातं त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आला नाही तर सासरचे मुलीला धाडत नाहीत. मुराळी आला आणि बेताचा निघाला, तरी धाडतीलच असं नाही.

मागच्या वर्षी मी बेताचा निघालो. माझ्या बहिणीचं, सुमनचं, लग्न होऊन चार महिने झाले होते, तिची पहिलीच आखाजी, आणि सणाच्या गर्दीत जळगाव स्टँडवर एसटीच्या दाराला हात लागेना. तेव्हा फैजपूरहून केळी भरून निघालेला एक ट्रक मला धुळ्यापर्यंत घेऊन गेला. पाचव्या गल्लीच्या तोंडाशी मी केबिनमधून उतरलो तेव्हा माझ्या पांढऱ्या शर्टावर केळीच्या चिकाचे डाग होते आणि खांद्यावर पानाचा एक तुकडा होता, ते मला नंतर कळलं. सुमनच्या सासूबाई ताईबाई ओट्यावर उभ्या होत्या. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते. त्यांनी मला पाणी दिलं, चहा दिला, जेवू घातलं, आणि मग विचारलं, परत कसं नेणार. मी म्हणालो, असाच एखादा ट्रक बघू.

"ट्रकमा मी सून धाडाव नही," ताईबाई म्हणाल्या.

आवाज चढवला नाही. ताटातलं उष्टं उचलता उचलता म्हणाल्या. मी एकटा परत आलो. आमच्या गावी, असोद्याला, आईने झोका बांधून ठेवला होता, तो शेजारच्या पोरींनी वापरला.  आई आजही त्या विषयावर काही बोलत नाही, फक्त केळं दिलं की नको म्हणते.

म्हणून या वर्षी गाडी. भुसावळच्या एका डॉक्टरांनी वापरून कंटाळून विकलेली, दुधी रंगाची फियाट. तिच्यावर कर्ज किती हे इथे अप्रस्तुत आहे. जळगावच्या आमच्या कॉलनीत ती पहिली चारचाकी, त्यामुळे ती माझी असली तरी तिच्याबद्दलचे निर्णय सार्वजनिक होते. तिला हार कोणत्या रंगाचा घालायचा, ती घराकडे तोंड करून उभी करायची की रस्त्याकडे, यावर शेजारच्या तोताराम नानांचं मत अंतिम मानलं जाई. नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर पाणी कुठून कुठे जाईल हे सांगितल्यामुळे बाकी सगळंही कुठून कुठे जाईल हे त्यांना माहीत असतं.

दिव्याची सुरुवात जोडव्यापासून झाली. गाडी आल्याच्या संध्याकाळी आम्ही सहकुटुंब मेहरूणच्या तलावाकडे चक्कर मारून आलो, आणि उतरताना प्रमिलाच्या, म्हणजे माझ्या पत्नीच्या, लक्षात आलं की उजव्या पायातलं एक जोडवं नाही. गाडीत पायाशी गडद अंधार. मी वाकून काडी पेटवली. जोडवं सापडलं नाही, पायपुसण्याला भोक पडलं. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर जोडवं त्याच भोकाच्या कडेला मिळालं, पण तोवर नाना आले होते.

"चुडामण भाऊ," नाना म्हणाले, "तुम्ही धुळ्याला जाणार. तिथे दार उघडणार. विहीणबाई आत डोकावणार. काय दिसणार त्यांना?"

"सीट," मी म्हणालो.

"सीट वर. खाली काय दिसणार? अंधार. आणि अंधारात एक जळालेलं पायपुसणं. पायाशी दिवा पाहिजे. दार उघडलं की गुलाबी उजेड. मुंबईच्या गाड्यांना असतो."

नाना मुंबईला शेवटचे कधी गेले होते हे मी विचारलं नाही. गुलाबी हा शब्द मात्र माझ्या डोक्यात बसला. गुलाबी उजेडात सुमन एक पाय आत ठेवते आहे, ओट्यावर ताईबाई गप्प उभ्या आहेत, असं चित्र मला दिसू लागलं. वर्तमानपत्रात काम करणाऱ्या माणसाने चित्रांवर विश्वास ठेवू नये. बातमी आधी येते, चित्र नंतर.

रंग ठरवायला संपूर्ण कॉलनी जमली. रुपचंद वायरमनने, ज्याच्याबद्दल पुढे सांगायचं आहेच, स्कूटरच्या मागच्या दिव्याचा एक बल्ब दोन वायरींना बांधून नमुना म्हणून दिला होता. नानांनी त्यावर गुंडाळायला रंगीत जिलेटिन कागद आणले. तिन्हीसांजेला गाडी आंब्याखाली उभी केली आणि लोक रांगेने येऊन, आत बसून, आपापले पाय बघून मत देऊ लागले.

लाल नको, फोटो स्टुडिओतल्या काळोख्या खोलीत बसल्यासारखं वाटतं, असं पहिलं मत पडलं. निळा लावला तेव्हा समोरचे पोस्टमास्तर म्हणाले की रात्रीच्या व्हिडिओ कोचमध्ये असाच दिवा असतो आणि त्यात त्यांची बॅग गेली होती. हिरव्यावर नानांनीच आक्षेप घेतला. हिरवा म्हणजे रेल्वेला जा म्हणणं, आणि पाहुणा बसतोय तोवर त्याला जा म्हणणं बरं नाही. पिवळा सर्वांना चिमणीच्या उजेडासारखा वाटला. नुकतीच वीज जाऊन आली असल्यामुळे त्या आठवणी ताज्या होत्या.

"मग साधा पांढरा ठेवू," मी म्हणालो.

"पांढरा अजिबात नको," प्रमिला म्हणाली. 

"का?"

"टाचा दिसतात."

मी खाली पाहिलं. कॉलनीतल्या सगळ्या बायकांनी आपापले पाय साडीत ओढून घेतले. एप्रिलमध्ये जळगावात ज्याच्या टाचांना भेगा नाहीत असं माणूस दाखवावं. पांढरा रंग एकमताने रद्द झाला, आणि हा त्या संध्याकाळचा एकमेव एकमताचा ठराव होता. गुलाबी कागद नानांनी आणलाच नव्हता. तो दुकानात संपला होता. त्यामुळे न पाहिलेल्या गुलाबीवर कोणाची हरकत निघाली नाही आणि गुलाबी मंजूर झाला.

आता कोणी म्हणेल, लावायचा ना दिवा. पण मी रोज दुसऱ्यांच्या चुका छापण्याचं काम करतो. उद्या हायवेवर कोणी अडवलं आणि परवा आमच्याच पानावर 'पत्रकाराच्या गाडीत बेकायदा दिवा' असं आलं, तर ते मलाच तपासावं लागलं असतं. म्हणून मी वाहनांची नोंद होते त्या कार्यालयात गेलो.

खिडकीतल्या कारकुनांनी शांतपणे ऐकून घेतलं. पुढे कोणते दिवे, मागे कोणते, नंबरावर कोणता, हे त्यांना पाठ होतं. पायाशी, त्यांच्या माहितीप्रमाणे, कोणताच नाही.

"म्हणजे मनाई आहे?"

"मनाई असं म्हणत नाही मी. परवानगी आहे असंही म्हणत नाही. अर्ज द्या. उद्देश लिहा."

मी अर्जावर 'उजेड' असं लिहिलं. त्यांनी ते खोडलं.

"उजेड हा उद्देश होत नाही, साहेब. तो सगळ्याच दिव्यांचा असतो. पायाशी कशाला, ते लिहा."

मी 'जोडवे इत्यादी शोधण्यासाठी' असं लिहिलं. ते त्यांनी दोनदा वाचलं आणि मला निरीक्षकांकडे पाठवलं. निरीक्षक म्हणाले, दिवा बाहेरून दिसतो का हे पाहावं लागेल, आणि पाहणी मैदानात, कार्यालयीन वेळेत होते. मैदानात दुपारी ऊन इतकं होतं की गाडीचे मोठे दिवे लावले तरी ते लागलेत की नाही हे हात लावून पाहावं लागत होतं. तेव्हा कोणाच्या तरी सूचनेवरून एक सतरंजी आणण्यात आली, गाडीच्या काचांवर टाकण्यात आली, आणि नमुन्याचा बल्ब पायाशी लावून निरीक्षक आत बसले. मी बाहेर उभा राहिलो. आतून बराच वेळ आवाज नव्हता. जळगावच्या एप्रिलमध्ये, बंद गाडीत, सतरंजीखाली बसलेल्या सरकारी अधिकाऱ्याला हाक मारावी की नाही, याबद्दल कारकुनांचं आणि माझं दुमत झालं. शेवटी ते स्वतःच बाहेर आले. शर्ट अंगाला चिकटला होता.

"दिसतो," ते म्हणाले.

"बाहेरून?"

"आतून. बाहेरून मी कसा बघणार, मी आत होतो. लावा. लेखी देता येणार नाही. आणि तोंडी मी काही बोललेलो नाही."

एवढ्यावर शासनाशी माझा संबंध संपला. सतरंजी त्यांनी ठेवून घेतली. ती प्रमिलाच्या माहेरची होती.

आता रुपचंद. अजिंठा चौफुलीजवळ त्याचं टपरीवजा दुकान आहे. सुरत-नागपूर रस्त्यावरचे ट्रक त्याच्याकडे वायरिंगला थांबतात, आणि ट्रकवाल्यांची त्याच्यावर फार श्रद्धा आहे, कारण केबिनमध्ये देवाच्या फोटोभोवती जी रोषणाई असते ती तो फार मन लावून करतो. मी दिवा मागितला तेव्हा त्याने विचारलं, "कोणत्या देवाला?"

"देवाला नाही. पायाला."

रुपचंदने माझ्या पायांकडे पाहिलं.

"पायाला असा माल येत नाही, भाऊ. हे बघा, यातलं काय चालतं ते."

त्याने पेटी उघडली. मोर होता, तो मोठा होता, क्लच दाबताना पिसारा मोडला असता. ओमच्या आकाराचा एक होता. तो पायाशी लावू नये एवढं मला कळलं, आणि तेवढं कळल्याबद्दल मला स्वतःचं कौतुकही वाटलं. विचार आणखी थोडा पुढे न्यायचा होता, पण तेवढ्यात त्याने तिसरा काढला. प्लॅस्टिकचं गुलाबी कमळ, मूठभर आकाराचं, आत छोटा बल्ब. बरोबर गुलाबी. मुंबईच्या गाड्यांत असतो तोच रंग असणार, असं मी ठरवलं.

दार उघडलं की लागावा आणि बंद केलं की विझावा, असं मी सांगितलं होतं. पण डॉक्टरांच्या काळात दाराचं बटण गंजून गेलं होतं आणि तसं बटण रुपचंदकडे नव्हतं. "तूर्तास डायरेक्ट देतो," तो म्हणाला. म्हणजे बॅटरीपासून थेट कमळापर्यंत वायर, मध्ये काही नाही. "ट्रकला आपण असाच देतो. देवाच्या दिव्याला बटण लावलेलं चालत नाही लोकांना. बॅटरी नवी आहे, एवढ्याशा बल्बने काही होत नाही. विझवायचाच असला तर बॉनेट उघडा आणि ही वायर ओढा. आखाजी झाली की या, बटण टाकून देतो."

वायर ओढायला मी शिकलो. ओढली की कमळ विझे, लावली की लागे. नाना, प्रमिला आणि पोस्टमास्तर यांना मी तीन-तीनदा करून दाखवलं.

आखाजीच्या आदल्या दिवशी पहाटे मी एकटा निघालो. एरंडोल, पारोळा, काही अडचण नाही. धुळ्याच्या अलीकडे गाडी थांबवून, बॉनेट उघडून, मी वायर जोडली. काचा पुसल्या. शर्ट बदलला.

पाचव्या गल्लीत लिंबाच्या सावलीत गाडी लावली. डावीकडचं दार मी मुद्दाम उघडं ठेवलं. सावलीमुळे कमळ उठून दिसत होतं. पोरं जमली, मग बाया. सुमन पिशवी भरून दारात बसूनच होती. तिचे यजमान अभिमन हे शिरपूरच्या कॉलेजात प्रयोगशाळेत सहायक आहेत, रोज एसटीने जाऊन येऊन करतात. त्यांनी रजा काढली होती. त्यांनी बल्ब किती वॅटचा आहे हे विचारलं. एकूण स्वागत माझ्या चित्रासारखंच चाललं होतं. चहा आला. तेवढ्यात वायर काढून आलो असतो तर पुढचं काही झालं नसतं. पण समोरच्या ओट्यावरून अजून दोन बाया उतरून गाडीकडे येत होत्या, आणि त्यांनाही कमळ दिसावं असं मला वाटलं.

ताईबाई गाडीपाशी गेल्या. वाकल्या. बराच वेळ वाकून राहिल्या. मग चपला काढल्या, घरात गेल्या, आणि करंडा घेऊन आल्या. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, पदर डोक्यावरून घेऊन हात जोडले. त्यानंतर माझ्याकडे वळल्या.

"हाऊ दिवा पायजवळ कोनी लावा?"

"मीच लावला, अक्का. उजेडाला."

"आनि सून मनी कोठे बठी?"

मी सीट दाखवली.

"पाय कोठे ठेवी?"

 पाय कुठे ठेवणार हे कमळाच्या प्रकाशात स्पष्ट दिसत होतं.

"दिवाले पाय लाईसन मी सून धाडाव नही," ताईबाई म्हणाल्या, आणि करंडा मिटला.

इतके दिवस, इतकी माणसं, एक कार्यालय आणि एक सतरंजी खर्ची पडली, आणि हे कोणालाच सुचलं नव्हतं. आम्ही सगळे रंगाबद्दल बोलत होतो. अभिमनरावांनी पुढे होऊन आईला समजावण्याचा प्रयत्न केला. "अक्का, तो दिवा नाही. बल्ब आहे. साधा पाच वॅटचा बल्ब."

"देव्हारामा तू दिवाळीले काय लावा?"

अभिमनराव थांबले. देव्हाऱ्यात लाल झिरोचा बल्ब त्यांनीच लावला होता, आणि आईने वात पेटवायला जिना चढून जाऊ नये म्हणून मोठ्या कौतुकाने लावला होता. ते शास्त्राचे माणूस. पुरावा पुढे आल्यावर बाजूला झाले.

"अक्का, मी आत्ता वायर काढतो," मी म्हणालो आणि बॉनेटकडे निघालो.

"हात लावू नको," ताईबाई म्हणाल्या. "हळदकुकू वाह्यं. आते आपला हातघाई इझाडता येत नही. त्याना तो शांत व्हऊ दे."

इथे परिस्थिती आवरून सांगतो. दिवा चालू असेपर्यंत सुमन गाडीत बसू शकत नव्हती, मागेसुद्धा नाही, कारण तिथूनही पाय दिव्याकडेच होतात. दिवा कोणी विझवू शकत नव्हतं. तो आपला आपण शांत व्हायला हवा होता. अभिमनरावांनी रद्दीच्या कागदाच्या कडेला हिशेब मांडला: बॅटरी नवी, बल्ब पाच वॅटचा. दिवा शांत होणार रविवारी. तो दिवस बुधवार होता. आखाजी गुरुवारी.

सुमन पिशवी घेऊन माझ्या शेजारी ओट्यावर बसली. "दादा," ती हळू म्हणाली, "तू एसटीने का नाही आलास?"

"एसटीला जागा नसते."

"उभं राहून आला असतास. आईला काय सांगशील? झोका बांधला का तिने?"

"बांधलाय."

"मागच्या वर्षीही बांधला होता ना," ती म्हणाली, आणि पिशवीचा बंद सोडून पुन्हा बांधला. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

तोड गल्लीने काढली. समोर किराणा दुकान चालवणारा जीवराम म्हणून गृहस्थ आहे, तो म्हणाला, "अक्का, हा दिवा आम्ही विझवत नाही. पण गाडीचे दुसरे दिवे लावले तर चालेल का?"

ताईबाईंनी विचार केला. दिवा लावाले कशाले ना म्हनू, असं त्या म्हणाल्या. दिवे लावणं हे त्यांच्या मते केव्हाही चांगलंच.

मग पाचव्या गल्लीत भर सकाळी फियाटचे मोठे दिवे लागले. मागचे लागले. वळायचे दिवे उघडझाप करू लागले. वायपर कोरड्या काचेवर फिरू लागले. हॉर्न वाजवला तर बॅटरी लवकर उतरेल, असं अभिमनरावांनी सुचवताच पोरांनी पाळ्या लावल्या. त्या हॉर्नने दुसऱ्या गल्लीतून लोक आले. कोणी विचारलं वरात कोणाची, कोणी विचारलं माणूस कोण गेलं. जीवरामने सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "दिवा शांत करतोय," आणि ऐकणारे टोप्या काढून उभे राहिले. मी ओट्यावर बसून होतो. आपल्या नव्या गाडीची बॅटरी गल्लीने मिळून संपवताना पाहणं हा अनुभव मी कोणाला सुचवणार नाही. दोनदा तर मला जेवायला बोलावलं, आणि मी जेवलो.

दुपार कलली तेव्हा हॉर्न बसला. आधी वासरासारखा, मग मांजरासारखा, मग नुसता टक असा आवाज झाला. वायपर काचेच्या मधोमध थांबले. सगळे वाकून कमळाकडे पाहू लागले. ते विटक्या रंगाचं झालं, मग तांबूस, आणि मग काहीच नाही. ताईबाईंनी हात जोडले. गल्लीने जोडले. मीही जोडले.

"बठ वं सुमन," ताईबाई म्हणाल्या.

सुमन मागच्या सीटवर बसली. नारळ, साडी, शेवयांचा डबा दिला. मी स्टिअरिंगवर बसलो, सगळ्यांचा निरोप घेतला, आणि चावी फिरवली.

यावर विचार कोणी केला नव्हता. अभिमनरावांनीसुद्धा नाही, आणि त्यांनी तर हिशेब मांडला होता.

"ढकला," जीवराम म्हणाला. तोवर गल्लीला गाडीबद्दल आपलेपणा वाटू लागला होता. वीसेक माणसं मागे लागली. गाडी गल्लीच्या उताराने आग्रा रोडच्या दिशेने निघाली. मी दुसरा गियर टाकून क्लच सोडला, इंजिन दोन आचके देऊन चालू झालं, आणि मी ते बंद पडू नये म्हणून ॲक्सिलरेटर दाबून धरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताईबाईही गल्लीच्या तोंडापर्यंत चालत आल्या होत्या. निरोपाचं शेवटचं काही सांगायला त्या डाव्या खिडकीपाशी आल्या, आणि आत पाहून थांबल्या.

मी खाली पाहिलं. इंजिन चालू होतं, म्हणून डायनामो चालू होता, म्हणून कमळ लागलं होतं. कोणी हात लावला नव्हता. सकाळपेक्षा जास्त उजळ होतं.

टाळ्या थांबल्या.  सुमनने मागच्या सीटवर हळूच दोन्ही पाय वर घेतले, मांडी घातली, आणि पिशवी पोटाशी धरली. खाली उतर असं कोणी म्हणू नये म्हणून ती काचेतून दुसरीकडेच पाहत होती.

ताईबाई मागे फिरल्या आणि घराकडे गेल्या. मी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलू शकत नव्हतो, नाहीतर इंजिन बंद पडलं असतं. दुसऱ्या वर्षीही आईला मी एकट्याने तोंड दाखवणार, हे वाक्य माझ्या डोक्यात तयार होऊ लागलं.

ताईबाई परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात कापडी पिशवी होती. पुढचं दार त्यांनी उघडलं, चपला काढून पिशवीत घातल्या, सीटवर चढून मांडी घालून बसल्या, कमळाला नमस्कार केला आणि दार लावून घेतलं.

"आपोआप लागना," त्या म्हणाल्या. "त्याले एकलं कशाले धाडानं? चाल, मी बी येस."

 एरंडोलच्या पुढे सुमनने मागून गाणं गुणगुणायला सुरुवात केली. आखाजीचंच होतं, सासूबद्दलचं. दुसऱ्या कडव्यात तिच्या लक्षात आलं आणि ती गप्प झाली. पुढून ताईबाईंनी तिसरं कडवं सांगितलं. त्यांना पुढची सगळीच येत होती, आणि त्यातली सासू जास्त वाईट होती.

सुमन आखाजीला असोद्याला पोहोचली. आईने झोक्याला नवा दोर लावला होता. या बातमीतला हा भाग निश्चित आहे, आणि मी तो स्वतः पाहिला आहे.

बाकी परिस्थिती अशी. आखाजी होऊन आठवडा होत आला. सुमन असोद्यात आहे. ताईबाई जळगावात आमच्याकडे आहेत, कारण गाडी आमच्याकडे आहे. त्या रोज सकाळी आंघोळ झाल्यावर गाडीत हळदकुंकू वाहतात, आणि आता कॉलनीतल्या बायकाही त्यांच्याबरोबर असतात. कमळ विझू नये म्हणून सकाळ-संध्याकाळ मी गाडी चालू करून अर्धा तास उभ्या जागी ठेवतो. कार्यालयात सायकलने जातो. रुपचंद बटण घेऊन आला होता, त्याला ताईबाईंनी चहा देऊन परत पाठवलं. तोताराम नानांचं म्हणणं असं की त्यांनी फक्त गुलाबी उजेड सुचवला होता, कमळ नाही.

काल मी जरा घुटमळत विचारलं, अक्का, धुळ्याला कधी सोडू. त्या म्हणाल्या की बाईमाणूस आपलं आपण परत जात नाही, घरून कोणी तरी न्यायला यावं लागतं. रीत सगळ्यांना सारखीच. ते मी जीवरामच्या दुकानावर फोन करून अभिमनरावांना कळवलं.

आज दुपारी जीवरामचा आमच्या कार्यालयात फोन आला. लग्नसराई असल्याने एसटीला जागा नाही. अभिमनराव आई आणि बायको, दोघींना न्यायला धुळ्याहून निघाले आहेत. दोंडाईच्याहून लाल मिरची भरून आलेला एक ट्रक जळगावकडे येत होता, त्याच्या केबिनमध्ये त्यांना जागा मिळाली. परतीचंही त्याच ड्रायव्हरशी बोलून ठेवलं आहे.

ताईबाई ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसल्या आहेत. मुराळी निघाल्याचं त्यांना सांगितलं आहे. कशाने, ते अद्याप सांगितलेलं नाही.